दुसरी तक्रार

हरिचंद्रला टँकरच्या केबिनमधून खाली ओढला तेव्हा रविवारचे अकरा वाजले होते आणि जिज्ञासा ओटीवर बसून पोहे खात होती. पहिली थप्पड तिला दिसली नाही, नुसती ऐकू आली. तिने मान वर केली नाही. लिंबू कमी पडलंय, एवढंच तिच्या मनात आलं, आणि आत आईला तसं सांगायला ती तोंड उघडणार तोच दुसरी थप्पड बसली.

अंगण त्यांचंच होतं. खरवईच्या टोकाला, जिथे नव्या बिल्डिंगा संपतात आणि नाला सुरू होतो, तिथलं गायकरांचं घर. तीन वर्षांपासून हे अंगण म्हणजे नाला बचाव समितीची कचेरी, कोर्ट आणि फाशीचा खांब, सगळं एकदम होतं. समिती म्हणजे जिज्ञासाचा थोरला भाऊ भूपेश आणि त्याची सात-आठ पोरं. नाल्यात केमिकल सोडणारा टँकर सापडला की पोरं त्याला रस्त्याच्या मोरीवर अडवायची, ड्रायव्हरसकट अंगणात आणायची. पुढे काय करायचं ते फोन सांगायचा.

आजही तसंच चाललं होतं. कमलेश नावाचा भूपेशचा उजवा हात, जिमला जाऊन जाऊन मान नाहीशी झालेला, त्याने हरिचंद्रच्या खिशातला फोन काढून भूपेशला मिस्ड कॉल दिला. भूपेशने तो मोबाईल नंबर ॲपमध्ये टाकला, खाली टँकरच्या पाटीवरचा नंबर टाकला आणि बटण दाबलं. पडदा लाल झाला. त्यावर दोनच गोष्टी दिसायच्या: 'तक्रारी' हा शब्द आणि पुढे आकडा.

"दोन," भूपेश म्हणाला.

पोरांनी बाह्या वर सारल्या.

दोन म्हणजे मार. एक असेल तर दम देऊन सोडायचं, आणि शून्य असेल तर चहा पाजून सोडायचं. हा कायदा पोरांचा नव्हता, जनूबाबांचा होता. जनूबाबा हे जिज्ञासाच्या वडिलांचे चुलते, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. समिती निघाली तेव्हा पोरं आशीर्वादाला गेली, तर त्यांनी आशीर्वादाआधी ही अट घातली. "येक मानूस खोटा बोलंल," ते म्हणाले होते. "कोनाचा वैर आसंल, कोनाचा पोट दुखत आसंल. दोन मानसा येगयेगल्या तोंडांनी येकच बोलली, मंगच हात उचला." पोरांना पटलं. मारामारीलाही काही नियम असला की मारणाऱ्याला रात्री झोप चांगली लागते.

आणि ते ॲप जिज्ञासाचं. ती ठाण्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची आणि घरी आल्यावर हे लिहायची. तक्रार कोणीही करावी, टँकरचा नंबर द्यावा, माहीत असल्यास ड्रायव्हरचा मोबाईल द्यावा. तक्रार करणाऱ्याचं नाव मात्र कोणालाही दिसू नये, भूपेशलासुद्धा नाही, नाहीतर टँकरवाले त्यालाच गाठायचे. नाव फक्त जिज्ञासा बघू शके, तेही लॅपटॉपवर, तेही क्वचित. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

खरं सांगायचं तर तिला मार बघायलाही बरं वाटायचं. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला तेव्हा वाटत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिचे वडील सोमा एका शेळीच्या मागे नाल्यात उतरले होते. वरच्या अंगाला कोणीतरी नुकताच टँकर रिकामा केला होता. शेळी खोकत वर आली, सोमा आले नाहीत. नाल्याला पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. पालथ्या पडलेल्या बापाला भूपेशने नाकाला फडकं बांधून वर काढलं, तेव्हा त्यांच्या तोंडाचा रंग जिज्ञासाने पाहिला होता. तो टँकर कधीच सापडला नाही. मग त्यानंतर सापडलेला प्रत्येक टँकर तोच होता, आणि भूपेशच्या हातातल्या हिरव्या पाईपचा प्रत्येक फटका तिच्या छातीतली एकेक गाठ सैल करायचा.

"पान्याचा टँकर हाय रं!" हरिचंद्र ओरडत होता. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. खांद्यावरचा टॉवेल गळ्याभोवती अडकला होता आणि तोच धरून कमलेश त्याला फिरवत होता. "बिल्डिंगीला पानी देवून आयलो! झाकन उघरून बघा!"

"रिकामा हाय ना? नाल्यात वतून आयला म्हनून रिकामा," कमलेश म्हणाला आणि त्याने हरिचंद्रच्या पोटात गुडघा घातला.

हरिचंद्र वाकला. वाकलेल्या पाठीवर भूपेशचा पाईप बसला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा शर्ट फाटला. एका पोराने कानशिलात दिली तेव्हा त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर पडलं आणि तुळशीजवळच्या सारवलेल्या जमिनीवर जाऊन चिकटलं. आत सखूने, म्हणजे जिज्ञासाच्या आईने, नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि चहाचं आधण ठेवलं. पोरांना मारून झालं की चहा लागे. नऊ-दहा कप, साखर जास्त. हाही आता रिवाजच झाला होता.

पण हरिचंद्र बाकीच्यांसारखा नव्हता. बाकीचे एक तर आईबहिणीवर यायचे नाहीतर पाय धरायचे. हा मार खाता खाता प्रश्न विचारत होता.

"दोन कोन?" तो तोंडातलं रक्त थुंकत म्हणाला. "दोन तक्रारी बोललास ना? येक त सुयोग आसंल. माज्याच मालकाकरं गारी चालवतो, त्याला माजी बिल्डिंगीच्या खेपांची लाईन पायजे. ता मना म्हाईत हाय. पन दुसरा कोन? दुसऱ्याचा नाव सांगा, मंग मारा!"

"तुजा बाप," कमलेश म्हणाला.

"सांगा ना रं! सुयोग सोरून माजा वाकडा करनारा दुसरा हाय कोन?"

जिज्ञासाचं डोकं सणकलं. इतका मार खाऊन वर हिशेब विचारतो! दुसऱ्याचं नाव बघावं आणि याच्या तोंडावर फेकावं, असं तिला वाटलं. नियम मोडला तर मोडला. ती पोह्यांची बशी तशीच ठेवून आत गेली आणि तिने लॅपटॉप उघडला.

तिने टँकरचा नंबर टाकून तक्रारी काढल्या. एक आली. गुरुवारी सकाळी नऊ बेचाळीसला केलेली, टँकरचा नंबर बरोबर, ड्रायव्हरचा मोबाईलही बरोबर. तक्रारदार: सुयोग. पुढे त्याचा नंबर.

दुसरी नव्हती.

नेट अडकलं असेल म्हणून तिने पुन्हा काढलं. एकच. मोबाईल नंबर टाकून काढलं, एकच. तीच, नऊ बेचाळीसची. मग तिने ॲपमध्ये जसं होतं तसंच, दोन्ही नंबर टाकून विचारलं, आणि पडद्यावर आकडा आला: दोन.

बाहेर पाईपचा आवाज येत होता.

गोष्ट अशी होती. पहिल्यांदा ॲप फक्त टँकरच्या नंबरावरून शोधायचं. दिवाळीच्या सुमारास टँकरवाले पाट्या बदलून यायला लागले, तेव्हा भूपेश म्हणाला, "नंबर जुळला किंवा मोबाईल जुळला, कायपन येक जुळला तरी दाखव." सांगायला सोपं. पण तिची माहिती ज्या क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये होती तो जुन्या पद्धतीचा, तक्ते-रकान्यांचा नव्हता. तिथे प्रत्येक तक्रार म्हणजे एक सुटी चिठ्ठी. 'हे आणि ते' असलेली चिठ्ठी दे म्हटलं की तो क्षणात द्यायचा. 'हे किंवा ते' म्हटलं की तोंड शिवून बसायचा. ऑफिसातल्या अवधूत सरांना तिने विचारलं होतं. ते म्हणाले, "त्याला 'किंवा' कळत नाही ना? मग दोनदा विचार. एकदा हे, एकदा ते. दोन्ही उत्तरं जोड. फक्त जोडताना तीच चिठ्ठी दोनदा येत नाही ना, बघ." ती हो हो म्हणाली होती. दोनदा विचारलं, उत्तरं एकाखाली एक जोडली, मोजली. जुन्या तक्रारींवर तपासून पाहिलं, सगळं बरोबर आलं, आणि सरांचं शेवटचं वाक्य राहूनच गेलं. पुढे त्या डेटाबेसच्या नव्या आवृत्तीला 'किंवा' कळायलाही लागलं. तिने ते वाचलंही होतं. पण चालत्या गाड्याला कशाला खीळ घाला, म्हणून तिने हात लावला नाही.

लग्नात नवऱ्याकडची माणसं मोजायला एक जण बसवला आणि नवरीकडची मोजायला दुसरा, तर जो दोन्हीकडचा नातेवाईक तो दोनदा मोजला जाणार. तसं झालं होतं. ज्या तक्रारीत टँकरचा नंबरही होता आणि मोबाईलही, ती एकटीच दोन होऊन येत होती. जुन्या तक्रारींत मोबाईल नसायचेच, म्हणून तपासताना काही दिसलं नव्हतं.

आणि मग तिला पुढचं कळलं, आणि ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. नाल्यावर उभ्या माणसाला टँकरची पाटी दिसते. ड्रायव्हरचा मोबाईल नंबर कोणाला ठाऊक असतो? त्याच्या ओळखीच्याला. बरोबर काम करणाऱ्याला, भांडलेल्याला, जळणाऱ्याला. म्हणजे जनूबाबांनी ज्या एका खोट्या माणसाला भिऊन दोनाचा नियम केला, नेमका त्याच माणसाचा शब्द तिच्या ॲपने दुप्पट केला होता.

ती धावत बाहेर आली. दाराच्या उंबऱ्याला ठेचाळली, अंगठ्याचं नख उलटलं, तिला कळलंही नाही.

"थांबा! दादा, थांब! एकच आहे!"

हरिचंद्र आता जमिनीवर कुशीवर पडला होता आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेत होता. त्याचा एक डोळा बंद झाला होता. भूपेशने पाईप वरच्या वर धरला. "काय एकच?"

"तक्रार एकच आहे. त्या सुयोगची. दुसरी नाहीच. माझी चूक आहे, ॲपने तीच दोनदा मोजली. सोड त्याला."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने हातातला क्रिकेटचा स्टंप खाली टेकवला. क्षणभर असं वाटलं की झालं, संपलं, आता कोणीतरी पाणी आणेल. हरिचंद्रने डोक्यावरचा हात काढला आणि उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "बोललो ना मी," तो म्हणाला. इतकंच.

"बोललास ना?" कमलेश म्हणाला. त्याच्या हातात टँकरचाच व्हॉल्व्ह उघडायचा पाना होता, हातभर लांब. "ए भूप्या, याला आता अर्ध्यावर सोरला त हा सरल केस करनार. आपली सगल्यांची वाट. याच्यानी परत गारी चालवायला नाय पायजे, मंग तोंड पन नाय चालत."

"कमलेश, हात लावशील तर बघ!" जिज्ञासा किंचाळली. "दादा, सांग त्याला!"

भूपेशने तिच्याकडे पाहिलं. मग ओटीवरच्या भिंतीकडे, जिथे बापाचा हार घातलेला फोटो होता. आणि मग त्याने तोंड फिरवलं. त्याने नुसतं तोंड फिरवलं, हे जिज्ञासा जन्मभर विसरणार नव्हती.

पाना डाव्या गुडघ्यावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. हरिचंद्र ओरडला नाही, त्याचा श्वासच आत गेला आणि बाहेर यायचा राहिला. कमलेशने पुन्हा पाना उचलला तेव्हा जिज्ञासा हरिचंद्रच्या अंगावर आडवी पडली. तिला बाजूला सारायला म्हणून एका पोराने स्टंप घातला की मारायला म्हणून, कोण जाणे, पण तो तिच्या दंडावर उमटला. डाव्या पायाने क्लच दाबतात, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. डाव्या पायाने क्लच दाबतात.

"सरका," कोणीतरी म्हणालं.

सखू होती. हातात चहाचा ट्रे होता, कप भरलेले होते. तिने तो ट्रे अंगणाच्या मधोमध उलटा केला. कप फुटले, गरम चहा पोरांच्या पायावर उडाला आणि पोरं मागे झाली. मग ती हरिचंद्रजवळ बसली, त्याच्या गळ्यातला टॉवेल सोडवून तिने त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं, तांब्यातलं पाणी त्याला पाजलं. अर्धं आत गेलं, अर्धं लाल होऊन बाहेर आलं. ती रस्त्यावर गेली, रिक्षा घेऊन आली, रिक्षावाल्याच्या मदतीने तिने त्याला आत घातलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन स्वतःही बसली.

"आये, तू कय चाललीस?" भूपेश म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. रिक्षा उल्हासनगरच्या बाजूला निघून गेली.

शेजारच्या ओट्यावरून काठी टेकत जनूबाबा आले होते. त्यांना आता नीट दिसत नसे. "जिज्ञासा, दोन व्हती ना गो?" त्यांनी विचारलं.

"एकच होती, बाबा. मी चुकीची मोजली."

"मंग ह्यो मार कोनाचा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझा," ती म्हणाली.

आत जाऊन तिने दार लावलं आणि एकेक करून सगळं काढायला बसली. दिवाळीपासून अंगणात अकरा जणांना मारलं होतं. सात जणांवर खरोखर दोन किंवा जास्त तक्रारी होत्या, वेगवेगळ्या माणसांच्या. चौघांवर एकेक. हरिचंद्र त्यातला चौथा. पहिला तो अंबरनाथचा, ज्याच्या कानाचा पडदा फाटला होता. दुसरा लंगडत गेला होता. तिसरा अगदी कोवळा होता, नवीन लग्न झालेला. 'बायकोला सांगू नका' म्हणत होता आणि पोरं त्यावर हसली होती. जिज्ञासाही हसली होती. ते आठवलं तशी ती न्हाणीत जाऊन सकाळचे पोहे ओकली.

ती परत आली तेव्हा भूपेश लॅपटॉपसमोर उभा होता.

"पूस," तो म्हणाला.

"काय?"

"सगला. तक्रारी, नावा, कोनाला कवा पकरला ता. पूस आनि ॲप बंद कर. चूक झाली ना तुजी? ती तुना आनि मना म्हाईत, बस. कमलेशला मी सांभालतो."

"चौघे आहेत, दादा. आजचा धरून चौघे. त्यांनी काहीच केलं नव्हतं."

"पूस बोललो ना!"

"नाही."

भूपेशने कमलेशने टाकलेला तो पाना बाहेरून आणला. पहिल्या फटक्यात पडदा गेला, दुसऱ्यात बटणं उडाली, तिसऱ्यात पलंगाची फळीही चिरली. तो मारत राहिला, लॅपटॉपची पार चटणी होईपर्यंत. घामाने निथळत होता. मग थांबून म्हणाला, "घे. झाला."

"ते यात नाहीच आहे, दादा," जिज्ञासा म्हणाली.

"मंग कय हाय?"

"क्लाउडवर. दुसरीकडे कुठेतरी. मलाही माहीत नाही कुठल्या गावाला. तू हे घर जाळलंस तरी ते तिथे राहणार."

तिला काही त्याला चिडवायचं नव्हतं, खरं तेच सांगितलं होतं. पण भूपेशला ते चिडवल्यासारखं लागलं. त्याने तिचा उजवा हात धरून पलंगावर दाबला. "पासवर्ड सांग." ती गप्प. त्याने करंगळी धरली. "जिज्ञासा, सांग. मना नको करायला लावू." लहानपणी याच हाताला धरून तो तिला नाल्याच्या पलीकडच्या शाळेत सोडायचा. ती त्याच्या डोळ्यात बघत राहिली. बोट मोडलं तेव्हा ओरडला तो. ती नाही.

मग तो जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "बापासाठी केला ना मी," तो म्हणाला. "सगला बापासाठीच केला ना?"

जिज्ञासाला त्याची दया आली, अगदी पोटातून आली. पण तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला उजवा हात राहिला नव्हता आणि डावा ठेवावा असं वाटलं नाही. थोड्या वेळाने तो उठला, तिचा फोन खिशात घातला आणि बाहेरून कडी लावून घेतली. सखू त्या दिवशी घरी आली नाही.

सकाळी भूपेश पडवीत झोपलेला असताना जनूबाबांनी काठीच्या टोकाने कडी काढली. मग बाजूला होऊन उभे राहिले. मोडलेल्या करंगळीला ओढणीची चिंधी गुंडाळून जिज्ञासा कुळगावपर्यंत चालत गेली.

पोलीस ठाण्यातला साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं, बोट बघून आधी डॉक्टरकडे जा म्हणाला. ती नाही म्हणाली. मग त्याने सगळं ऐकून घेतलं. ॲपचं त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं. दोनदा विचारलं म्हणून एकाचे दोन झाले, हे दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने पेन खाली ठेवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे यात तूही आहेस," तो म्हणाला.

"हो. माझं नावही लिहा. आधीच्या तिघांचे नंबर मी काढून देते, नुसता एक कॉम्प्युटर द्या."

त्याने लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "तुझं मी घेतलं. पण एक सांगतो. काल उल्हासनगरच्या हॉस्पिटलातून कळवलं होतं. तो हरिचंद्र म्हणतोय, मी टँकरवरून पडलो. घाबरलाय. जखमी माणूस स्वतः पडलो म्हणतो आणि बहीण भावाविरुद्ध बोलते. उद्या यांचा वकील म्हणणार, बहीण-भावाचा जागेचा वाद आहे, बदला घेतेय. एकाच माणसाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? दुसरं कोणी आहे का, पाहिलेलं?"

जिज्ञासाला एकदम हसू आलं आणि ते थांबवता थांबवता डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं अंगणात ऐकलेला कायदा आता टेबलापलीकडून तिला ऐकवला जात होता, आणि तो चुकीचाही नव्हता. तिने मनात एकेक जण आठवून पाहिला. कमलेश? पोरं? शेजारपाजार? सगळ्यांनी काल खिडक्या लावून घेतल्या होत्या. जनूबाबांना दिसतच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी एकटीच."

"दुसरी माजी हाय."

दारात सखू उभी होती. कालचीच साडी, मांडीवर रक्ताचा मोठा वाळलेला डाग, आणि पदराला हॉस्पिटलच्या औषधाचा वास. रात्रभर ती त्या परक्या माणसाच्या खाटेजवळ बसली होती, हे तिच्या डोळ्यांवरून कोणालाही कळलं असतं. ती आत आली. आधी जिज्ञासाचा चिंधी बांधलेला हात उचलून तिने पाहिला. कोणी केलं हे तिने विचारलं नाही. हात तसाच अलगद परत टेबलावर ठेवला.

"तुम्ही कोण, मावशी?" साहेबाने विचारलं.

"सखू सोमा गायकर. हिची आय. त्याची पन."

साहेब थोडा सावरून बसला. "बघा, विचार करून बोला. मुलगा आहे तुमचा." ती जिज्ञासाशेजारच्या खुर्चीत बसली, तसा त्याने कागद पुढे ओढला. "बरं, मुलीने सांगितलं तेच तुमचं म्हणणं ना? मग वेगळं नको, याच्याच खाली जोडून घेतो."

"जोरू नको," सखू म्हणाली. "तिनी आंगनानशी पायला, मी दारानशी. तिचा तिचा, माजा माजा. माजा येगला कागदावर लिव."

साहेबाने कोरा कागद घेतला. वर तारीख घातली. "मारणाऱ्यांची नावं सांगा."

"पयला भूपेश सोमा गायकर," सखू म्हणाली. "कमलेशचा त्याच्यानंतर लिव."

पेन चालत होतं. जिज्ञासाने आईच्या गुडघ्यावर डावा हात ठेवला. साहेब मान वर करून म्हणाला, "आणखी काही?"

"हाय. दर खेपेला मारून झाला का त्या पोरांना च्या मीच दिलाय," सखू म्हणाली. "ता पन लिव."